बसरेवाल्या आबांची शिट्टी

मागच्या पावसाळ्यात गावाकडच्या आमच्या माळवदाची एक खण बसली. माणूस कुणी राहत नव्हतं म्हणून बरं, पण आतलं सामान काढायला मला आणि काकांना जावं लागलं. गाव आमचं अंबाजोगाईपासून वीसेक किलोमीटरवर. मातीत दबलेली एक पत्र्याची पेटी निघाली, तिचं कुलूप गंजून गेलेलं, काकांनी टिकावाच्या एका दणक्यात उघडली. आत काय तर दोन धोतरं, एक फुटकी कंदिलाची काच, तगाईच्या पावत्या, एक फोटो आणि फडक्यात बांधलेली शिट्टी.

काका जागेवरच ओरडले, "अरे ही तर बसरेवाल्या आबांची!"

आता हे बसरेवाले आबा म्हणजे आमच्या घरातलं एक मोठं प्रकरण आहे. लहानपणापासून ऐकत आलोय की आबा मिल्ट्रीत होते, इराकातल्या बसऱ्याला लढाईत गेले, तिथं वेढ्यात अडकले, घोड्याचं मटण खायची पाळी आली तरी खाल्लं नाही, त्यांना मेडल मिळालं, ते लॉरी चालवायचे, आणि छातीवर आलेली गोळी खिशातल्या शिट्टीला लागली म्हणून वाचले. हे सगळं एकाच माणसाचं. आणि आमचे मोठे चुलते सांगणार की शिट्टी आबांची नाहीच, ती रझाकाराची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद माणसाची आहे, पोलीस ॲक्शनच्या वेळी (१९४८ ला भारताची फौज निजामाच्या राज्यात घुसली तेव्हा) पळून जाताना गावच्या ओढ्यात पडलेली. गावातले एक रिटायर गुरुजी तर म्हणायचे की दोन्ही खोटं, मोमिनाबादला (म्हणजे आपलं अंबाजोगाई, निजामाच्या काळातलं नाव) हैद्राबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचं, घोडदळ असायचं, तिथल्या कुणाची तरी असणार. एक शिट्टी आणि तीन मालक. मी म्हणलं बघूच आता.

बघायच्या आधीच घोटाळा झाला. शिट्टी लातूरला घरी आणली, कट्ट्यावर ठेवली आणि दुकानाला गेलो. रात्री येऊन बघतो तर शिट्टी देव्हाऱ्यातल्या समईसारखी पिवळीजर्द चमकायलेली! आईनं पितळेची वस्तू काळी पडली म्हणून चिंच आणि राख लावून पार घासून काढली होती. वरून म्हणे, "किती मळली होती रे, आता बघ कशी दिसायली." काय बोलणार. तो काळपटपणा मळ नव्हता, पितळेवर दिलेला निकेलचा थर होता, थोडा उडालेला थोडा राहिलेला. जुन्या फौजी शिट्ट्या बहुतेक अशाच, आत पितळ आणि वर निकेल, आणि तो थर कुठं झिजलाय कुठं शाबूत आहे ह्यावरून वस्तू कशी वापरली ते कळतं. आता आमच्या शिट्टीवर निकेल फक्त वरच्या कडीच्या बेचक्यात उरलंय, जिथं आईचं बोट पोचलं नाही. तुमच्याकडं असली वस्तू निघाली तर पहिलं काम एकच, ती आईच्या हाताला लागू देऊ नका. लिंबू नाही, चिंच नाही, काही नाही, कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बास.

बरं, शिट्टी म्हणजे शाळेत पीटीच्या सरांच्या गळ्यात असते तसली गोगलगायीसारखी नाही. ही सरळ नळी आहे, करंगळीपेक्षा जरा जाड, सव्वातीन इंच लांब. एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला गोल टोपण आणि त्यावर डोरी अडकवायची कडी. नळीला समोरासमोर दोन खिडक्या. मधोमध एक पोचा, करंगळीचं टोक बसेल एवढा. हाच तो 'गोळीचा' पोचा. आणि तोंडावर वर-खाली दाताचे व्रण, बारीक खड्डे पडलेत, म्हणजे वाजवणारा ती दातात धरून दोन्ही हात मोकळे ठेवत असणार.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळं मायक्रोस्कोप घरचाच. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा शिट्टी त्याच्याखाली धरली. अक्षरं निघाली. वरच्या ओळीत जे. हडसन अँड कंपनी. खाली बर्मिंगहॅम. त्याखाली साल, आणि सालाच्या खाली कोंबडीचा पाय उमटावा तशी तीन रेघांची खूण. साल मी वाचलं १९११.

काकांना फोन केला. ते एवढे खूश झाले की अर्ध्या तासात घरच्या ग्रुपवर टाकलं, आबांची शिट्टी ११३ वर्षं जुनी निघाली, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची, रझाकार वगैरे सगळं खोटं. चुलत्यांनी त्यावर नुसता अंगठा टाकला. आमच्याकडं अंगठा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

मग मी रात्री ह्या हडसनच्या मागं लागलो. जोसेफ हडसन हा बर्मिंगहॅमचा अवजारं बनवणारा कारागीर, १८७० च्या सुमारास त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. लंडनचे पोलीस त्या काळी मदतीला बोलवायला लाकडी खुळखुळा फिरवायचे, आपल्याकडं जत्रेत पोरं कडकड वाजवतात तसला, फक्त मोठा. तो लांब ऐकू जाईना. १८८३ ला लंडन पोलिसांनी हडसनची शिट्टी घेतली, जी एक मैलभर ऐकू जायची. त्याची एक गोष्ट सांगतात की हडसनला व्हायोलिनचा नाद होता, एकदा ते हातातून पडलं आणि तार तुटताना जो चिरका आवाज झाला तसलाच आवाज त्यानं शिट्टीत आणला. खरं खोटं देव जाणे, आमच्या गोळीसारखंच वाटतंय. पुढच्याच वर्षी, १८८४ ला, त्यानं ती गोगलगायीसारखी गोटीवाली शिट्टी काढली, ॲक्मे थंडरर, जी आजपण रेफरीच्या गळ्यात असते. कंपनी अजून बर्मिंगहॅममध्येच चालू आहे, शिट्ट्याच बनवते.

जुनी हडसन शिट्टी ओळखायची एक सोपी खूण म्हणजे पत्ता. कंपनीचा कारखाना बार स्ट्रीटवर, आणि त्यांनी घरनंबर बदलले. शिट्टीवर १३ बार स्ट्रीट असेल तर ती साधारण १९०९ च्या आधीची, २४४ असेल तर नंतरची. पण लष्करासाठी बनवलेल्यांवर बऱ्याचदा पत्ता नसतोच, नाव गाव साल एवढंच. साल टाकलेलं असलं की काम सोपं. आणि नुसतं बर्मिंगहॅम दिसलं म्हणून हडसनच समजायचं नाही, डी कूर्सी, डाऊलर असे बाकीचेपण त्याच गावात शिट्ट्या करायचे आणि पहिल्या महायुद्धात डी कूर्सीच्या शिट्ट्यापण फौजेत होत्या. त्यामुळं आधी नाव नीट वाचायचं.

कोंबडीच्या पायाचं म्हणाल तर तो बाण आहे. ब्रिटिश सरकारी लष्करी मालावर हा बाण मारायचे, बंदुकीपासून चमच्यापर्यंत. हिंदुस्थान सरकारचा माल असेल तर बाणाला इंग्रजी आय जोडलेला असतो, आय म्हणजे इंडिया. आमच्या शिट्टीवर नुसता बाण. म्हणजे फौजेची आहे हे पक्कं, आणि माल विलायतेच्या खात्यातला. गुरुजींचं मोमिनाबादचं घोडदळ इथंच बाद झालं, कारण हैद्राबाद कंटिंजंट १९०३ लाच मोडून इंग्रजांच्या फौजेत मिसळलं होतं आणि शिट्टी तर १९११ ची.

आता खोटीचा विषय. मला एक शंका होती की ही नकली तर नाही, कारण पितळेच्या नव्या 'जुन्या' शिट्ट्या बाजारात ढिगानं आहेत. संभाजीनगरला एका प्रदर्शनात मी मागं एक घेतली होती, 'टायटॅनिक १९१२' लिहिलेली, मुरादाबादी पितळेचा माल. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक आंधळ्यालापण कळेल. टायटॅनिकवाली जड, जाड ओतीव, अक्षरं उथळ आणि तिरकी, कुठं मोठी कुठं बारीक, खिडकीची कड ओबडधोबड. आमची हातात हलकी, पातळ पत्र्याची नळी, खिडकीची कड पात्यासारखी सरळ, अक्षरं ठशानं खोल मारलेली. आणि फुंकली की टायटॅनिकमधून कुकरसारखं नुसतं फुस्स.

पण आमचीपण नीट वाजंना. आवाज यायचा, पण एकच सरळ सूर, पोपटासारखा. आणि ह्या शिट्टीची तर सगळी करामत दोन सुरांत आहे. नळी आतून मधोमध पडद्यानं विभागलेली असते, दोन खोल्या, दोन्हींची लांबी जराशी कमीजास्त. फुंकर दोन्हीत एकदम जाते, दोन खिडक्यांतून दोन जवळजवळचे सूर निघतात आणि ते एकमेकाला घासतात, म्हणून तो थरथरता कर्कश आवाज येतो जो गलक्यातपण वेगळा कानात घुसतो. आत गोटी नाही, त्यामुळं चिखल पाण्यात अडकून बसायला काही नाही. आमची एका बाजूनं मुकी होती. टॉर्च मारून बघितलं तर एका खोलीत लाल माती ठासून भरलेली. आधी वाटलं मुद्दाम कुणी भरली. मग बघितलं तर कुंभारीण! भिंतीवर, सॉकेटच्या भोकात मातीचं घर करणारी ती माशी, तिनं आमच्या शिट्टीत खोली केली होती. रात्रभर कोमट पाण्यात ठेवली, सकाळी सुईनं हलकं हलकं काढलं, मातीबरोबर कोळ्याची वाळकी पायं निघाली (कुंभारीण पिल्लांसाठी कोळी भरून ठेवते). मग फुंकली. बापरे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा कागद अडकला मशीनमध्ये, तो बाहेर येऊन बघायला लागला की काय झालं.

तर एवढं सगळं झाल्यावरपण एक गोष्ट खटकत होती. सालातले आकडे. १९११ मध्ये तीन एक येतात, बरोबर? इंग्रजीतले, म्हणजे नुसते उभे दांडे. पहिला दांडा आणि शेवटचा दांडा सारखा, पण मधला दांडा जरा खोल आणि त्याच्या डाव्या बाजूला जागा जास्त सुटलेली. ठसे मारणारा माणूस एवढ्या सरळ ओळीत अक्षरं मारतो आणि नेमका इथंच अंतर कसं चुकेल? मायक्रोस्कोपखाली पुन्हा पुन्हा बघितलं, काही दिसंना. मग डोक्यात आलं की मायक्रोस्कोपचा लाईट गोल रिंगचा आहे, सगळीकडून सारखा पडतो, सावलीच पडत नाही, आणि उथळ रेघ दिसते ती सावलीमुळं. सर्किट बघायला तो लाईट चांगला, झिजलेला ठसा बघायला बेकार. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, लाईट बंद केले आणि मोबाईलचा टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून एका बाजूनं आडवा मारला. मग पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली, लहानपणी नाणं छापायचो तशी. कागदावर मधल्या दांड्याच्या डावीकडं एक तिरकी आणि एक आडवी रेघ उठली. अगदी पुसट.

तो एक नव्हताच. इंग्रजी चार. १९४१.

म्हणजे ग्रुपवरची ११३ वर्षं एका फटक्यात तीस वर्षांनी खाली. काकांना लगेच सांगितलं नाही. कारण आता गोष्ट भलतीच अडकली होती. बसऱ्याची लढाई म्हणजे पहिलं महायुद्ध, नोव्हेंबर १९१४ ला हिंदी फौज बसऱ्यात घुसली, पुढं कुत-अल-अमाराला पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडलं, त्यात १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या, घोड्याचं मांस खायची वेळ आली होती ती तिथंच, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. आबांची गोष्ट त्या वेढ्याशी तंतोतंत जुळते. पण मग त्या माणसाच्या खिशात १९४१ ची शिट्टी कुठून आली? आणि सालाचं बघितलं तर चुलत्यांचा रझाकार उलट बळकट झाला, कारण १९४१ ची शिट्टी सप्टेंबर १९४८ ला कुणाच्यापण गळ्यात असू शकते.

मेडलनं आणखी गोंधळ घातला. मेडल आमच्याकडं नाही, ७२ च्या दुष्काळात मोडलं, सराफानं वजनावर पैसे दिले, त्यातून मिलोची (त्या वेळच्या लाल ज्वारीची) दोन पोती आली असं आमचे बापू सांगायचे. आता वजनावर पैसे दिले म्हणजे मेडल चांदीचं होतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचंच होतं. दुसऱ्या महायुद्धातलं वॉर मेडल आपल्याकडच्या शिपायांना मिळालं ते तांबं-निकेलचं, त्याला कोणता सराफ पैसे देतोय. म्हणजे मेडल सांगतंय पहिलं महायुद्ध, शिट्टी सांगतेय दुसरं. दोघींपैकी खोटं कुणीच नाही.

मग उरला पेटीतला फोटो. एक पोरगेला जवान, खाकी हाफ पॅन्ट, हातात टोपी, मागं पडद्यावर खजुराची झाडं रंगवलेली. खांद्यावरून विणलेली डोरी निघून डाव्या खिशात गेलेली, खिसा जरा फुगलेला. फोटोच्या पाठीमागं स्टुडिओचा शिक्का, नाव पुसलंय पण खालचा शब्द इंग्रजीत नीट वाचता येतो, अशार. अशार म्हणजे बसऱ्यातलाच एक भाग! इथं मात्र मी खुर्चीतून उठलो. कारण हिंदी फौज बसऱ्याला दोनदा गेली होती हे मला माहितीच नव्हतं. एप्रिल १९४१ ला इराकमध्ये रशीद अलीचं इंग्रजांविरुद्ध सरकार आलं, तेव्हा मलायाला जायला कराचीतून निघालेली हिंदी ब्रिगेड मधूनच वळवून १८ एप्रिलला बसऱ्यात उतरवली. पुढं इराण-इराकमधल्या फौजेला पायफोर्स नाव पडलं आणि आपल्याकडची हजारो माणसं तिथं लॉरीवर होती, रशियाला पोचवायचा माल इराणमधूनच जायचा.

लॉरी! पहिल्या महायुद्धात कुतच्या वेढ्यात आमच्या गावचा माणूस कुठं लॉरी चालवणार होता?

रविवारी परळीला गेलो. बापूंची आत्या तिथं लेकीकडं असती, वय अठ्ठ्याऐंशी, कान गेलेत पण डोकं शाबूत. आम्हीपण तिला आत्याच म्हणतो. तिच्या हातात फोटो दिला. तिनं डोळ्याजवळ नेला आणि म्हणली, "दादा हाय की हा माझा."

"आत्या, मग बसरेवाले आबा कोण?"

"कोणते? दोघं गेलते की बसऱ्याला. आमचे चुलते आधी गेलते, त्यायला मी म्हातारपणी बघितलं, मेडल त्यायचंच. आन् दादा नंतर गेला, नगरला पळून जाऊन भरती झालता, अण्णानं लई शिव्या दिल्या. लॉरीवर होता. तुम्ही पोरायनी दोघायचं एक करून टाकलंव."

झालं. तीस वर्षं मी ज्या माणसाच्या गोष्टी ऐकल्या तो माणूसच नव्हता, एक चुलता आणि एक पुतण्या मिळून झालेला होता. घोड्याचं मांस आणि मेडल चुलत्याचं, लॉरी आणि शिट्टी पुतण्याची. रझाकाराचं विचारलं तर आत्या हसली, म्हणली त्या वर्षी दादा ओढ्यात शिट्टी हरवून आलता आणि चार दिवसांनी कुणाला तरी सापडली, तेवढंच. म्हणजे आमचे चुलते पण पूर्ण खोटं बोलत नव्हते. ओढा खरा, साल खरं, रझाकार तेवढा वरून आला.

मी शिट्टी तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवून बघितली, तोंडावरच्या दाताच्या खुणांवर नख फिरवलं. म्हणली की दादा १९४६ ला परत आला आणि मग शेतीच केली, ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून पाखरं राखायचा, बाकीच्यांच्या हातात गोफण आणि ह्याच्या तोंडात शिट्टी, तीपण कशीपण नाही वाजवायचा, एक लांब एक आखूड, एक लांब एक आखूड, असं सारखं. तिनं तोंडानं करूनपण दाखवलं. मला ते घरी आल्यावर कळलं, ब्रिटिश फौजेच्या जुन्या कवायतीत एक लांब एक आखूड असं लागोपाठ वाजवलं की तो धोक्याचा इशारा, छावणीतल्या सगळ्यांनी बाहेर पडून जागा धरायची. आबा पाखरांना स्टँड-टू, म्हणजे सज्ज व्हायचा हुकूम देत होते!

निघताना मी तिला तो पोचा दाखवला, म्हणलं आत्या गोळी कुठं लागली होती ते तरी सांग, इराकात का इराणात.

"कशाची गोळी रे लेकरा," आत्या म्हणली. "दादा मला वाजवू देईना म्हणून मी उखळाच्या दगडानं हाणली होती. दोन दिवस जेवलो नाहीत आम्ही दोघं. काकाला नको सांगू."